पिवळा माल लांब पाठवू नये

केळीचा चीक धुतल्यानं जात नाही. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेलसुद्धा झालं. माझ्या निम्म्या साड्यांच्या पदरांना तपकिरी डाग आहेत आणि आता मला ते मूळच्या नक्षीतलेच वाटतात. जळगावहून यावलला जाणाऱ्या सकाळच्या बसचा कंडक्टर डाग बघूनच माझं तिकीट फाडतो. श्रावणात हे डाग वाढतात, कारण श्रावणात अख्ख्या उत्तर हिंदुस्थानाला उपास असतो आणि आमच्या पॅकिंग हाउसला जेवायला वेळ नसतो.

यंदाही तेच चाललंय. पत्र्यावर पाऊस वाजतोय, तुरटीच्या पाण्याच्या हौदात केळीच्या फण्या तरंगताहेत आणि हौदाभोवती सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आलेल्या बाया गप्पा मारत त्या धुताहेत. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी. कोणती गाडी कुठे निघाली, कुठे अडली, कधी पोहोचली, हे बघणं माझं काम. मघाशी आमचे मालक प्रदीपभाऊ मोबाइल पुढे धरून आले. पडद्यावर कुठल्याशा लांबच्या राज्यातला पूर होता. पाण्यातून वर आलेली छपरं, आणि त्यांच्यामधून चाललेली एक होडी. "सुमनताई, आपणही काहीतरी पाठवायला पाहिजे," ते म्हणाले. मी हो म्हटलं, पण माझं लक्ष त्या पडद्यावर राहिलं नाही. मला काही वर्षांपूर्वीचा असाच एक श्रावण दिसू लागला.

आमच्या घरी श्रावण उपासाचा नसतो, वर्षावासाचा असतो. आमचं माहेर नशिराबादचं. संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचला जायचा, बाहेर पाऊस, आत मेणबत्तीचा आणि ओल्या चपलांचा वास. माझी धाकटी बहीण नलू ऐकता ऐकता झोपायची आणि खीर वाटायची वेळ झाली की बरोबर जागी व्हायची. ती पुढे शिक्षिका झाली आणि लग्न होऊन पार कृष्णाकाठी गेली. आई म्हणायची, पोरीला इतकं लांब दिलं की तिच्या घरचा पाऊससुद्धा वेगळा. त्या वर्षी आईचं बोलणं खरं ठरलं. आमच्याकडे पाऊस नुसता शिंपडत होता आणि नलूच्या गावात नदी बाजारपेठेतून वाहत होती.

नलूच्या शाळेची इमारत उंचावर, म्हणून गाव तिथे आलं. तिच्या स्वतःच्या घरात पाणी, नवरा कामानिमित्त तालुक्याला गेला तो तिथेच अडकलेला, आणि हिच्यावर अख्ख्या शाळेतल्या माणसांचा भार. फोन लागला की ती आधी सांगायची, "अक्का, मी बरी आहे," आणि मग श्वास न घेता बाकीचं. सरपण भिजलेलं, गॅस नाही, प्यायचं पाणी मोजूनमापून. कोरडा चिवडा आणि बिस्किटं खाऊन पोरांची तोंडं आलेली. "अक्का, तुमच्याकडे केळी आहेत ना गं? केळ्याला चूल नको, ताट नको, धुवायलाही नको."

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की काय सांगू. आयुष्यभर मी केळ्यांच्या गाड्या मोजत आले, पण केळं ही किती शहाणी वस्तू आहे हे मला तेव्हा कळलं. पुराच्या घाण पाण्यातही आतून स्वच्छ राहणारं दुसरं खाणं कोणतं? मी आबांकडे गेले. भास्करआबा म्हणजे प्रदीपभाऊंचे वडील, तेव्हा सगळा कारभार त्यांच्या हातात होता. मूळचे धुळ्याकडचे. व्यापारासाठी यावलच्या बागांमध्ये येऊन त्यांची उमर गेली, पण बोली त्यांनी तिकडचीच ठेवली. स्वभाव असा की चहा पाजला तरी वाटावं, कपाचं भाडं लावतील. मी सांगितलं तसं त्यांनी नुसतं विचारलं, "गाडी तठलोंग जाई का?" मी म्हटलं, जाईल. "मंग भरा," ते म्हणाले. दुपारपर्यंत गाडी भरून रस्त्याला लागलीसुद्धा.

हे मला अजूनही कौतुकाचं वाटतं. सरकारी मदतीला पंचनामा लागतो, आणि लागावाही, कारण तो पैसा सगळ्यांचा असतो. पण व्यापाऱ्याला एक गोष्ट येते ती इतर कुणाला येत नाही, ती म्हणजे नासणाऱ्या मालाची घाई. आज कापलेलं उद्या गेलंच पाहिजे. ट्रक कोणाकडे रिकामा आहे, कोणता ड्रायव्हर घाटात भीत नाही, कोणता पूल बंद असला तर कुठून वळायचं, हे सगळं आमच्याकडे तोंडपाठ असतं. संकटात हीच माहिती सोन्याची होते.

त्या आठवड्यात खान्देशातून पुष्कळ गाड्या गेल्या. जळगावच्या एका कारखानदाराने प्लॅस्टिकच्या चटया धाडल्या, त्या सगळ्यांत कामाच्या ठरल्या असं नलू नंतर म्हणाली. ओल्या फरशीवर माणसाला पाठ टेकता आली. कुणी तेल दिलं, कुणी डाळ. डाळ बिचारी चुलीची वाट बघत बसली. एका कंपनीच्या गाडीला एवढा मोठा बॅनर होता की आत काय आहे ते लोकांना शेवटपर्यंत कळेना; आत शाम्पूच्या पुड्या निघाल्या. आम्ही पॅकिंग हाउसमध्ये पोट धरून हसलो. आमची गाडी तोवर पोहोचायची होती, म्हणून हसू येत होतं.

नलूने शाळेत सांगून ठेवलं होतं, "माझ्या माहेरची केळी येताहेत." हे ती सहज बोलली नव्हती. तिकडे पंचमीला लेकी माहेरी जातात. कुणाचा भाऊ न्यायला येतो, कुणाचा भाचा. त्या वर्षी रस्तेच पाण्याखाली, तर कोण येणार आणि कोण नेणार? शाळेतल्या बायका खिडकीशी उभ्या राहून नुसतं पाणी बघायच्या. पुरुष तर अधूनमधून उठायचे आणि घर बघून येतो म्हणत पाण्यात उतरायला निघायचे. त्यांना थांबवायला नलूकडे पोलीस नव्हता, अधिकार नव्हता. तिच्याकडे तिचा शब्द होता. ती म्हणाली प्यायचं पाणी उद्या येईल, की ते उद्या यायचं. म्हणून लोक तिचं ऐकत होते. त्याच शब्दावर तिने माहेरची केळी ठेवली.

शाळेच्या मागच्या उंच रस्त्यावरचं पाणी ओसरलं आणि गाडी पोहोचली. ताडपत्री निघाली. आत केळी होती, घट्ट, चकचकीत, आणि पानासारखी हिरवी.

आता हे वाचणाऱ्याला वेडेपणाचं वाटेल. पण आमच्याकडे केळं हिरवंच असतं. बागेत हिरवं, हौदात हिरवं, गाडीत हिरवं. आम्ही दिल्लीला, लखनौला, अमृतसरला हिरवंच धाडतो. तिकडचा वखारवाला ते पिकवतो आणि विकतो. पिवळं केळं ही शेवटच्या गावची गोष्ट, तिच्याशी आमचा संबंध नाही. आबांना वाटलं नाही, मला वाटलं नाही, भरणाऱ्या हमालांना, ड्रायव्हरला, अगदी नशिराबादच्या मातीत वाढलेल्या नलूलाही फोनवर विचारावंसं वाटलं नाही. पुरात बुडालेल्या गावात वखार कुठून येणार, एवढा साधा प्रश्न केळीच्या मुलखातल्या एकाही डोक्यात आला नाही. शाम्पूवाल्यांना आम्ही उगीच हसलो होतो.

"कुणी रागावलं नाही गं," नलू फोनवर म्हणाली. "रागावले असते तर बरं झालं असतं." एका बाईने फणी हातात घेऊन वळवून पाहिली आणि तिला म्हणाली, "बाई, तुमच्या माहेरात असलीच खात्यात व्हय?" सगळा वर्ग हसला. नलूही हसली. पोरं रोज सकाळी उठून दात घासायच्या आधी केळी अंगठ्याने दाबून बघायची आणि एकमेकांना सांगायची, नाही अजून. पण हसण्याचं पुढे वेगळंच झालं. प्यायच्या पाण्याची पाळी लावली की कुणीतरी म्हणायचं, पाणी तरी पिकलेलं द्या. एकजण तिचं न ऐकता म्हशीला बघायला छातीभर पाण्यातून गेला. तो परत आला हे त्याचं नशीब. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं निघाले, त्यांना तिने हाताला धरून बसवलं. "अक्का," ती म्हणाली, "माझं हसं झालं त्याचं काही नाही. पण हे लोक माझं ऐकायचे थांबले, तर कुणीतरी बुडेल."

मला रडू आलं, आणि रागही आला, पण कुणावर ते कळेना. मी आबांच्या खोलीत गेले तेव्हा प्रदीपभाऊ तिथेच होते. ते पुण्याहून शिकून नुकतेच आले होते. गाडीचा फोटो त्यांनी सगळ्या ग्रुपवर धाडला होता आणि वाहवाही पुष्कळ मिळाली होती. पिकलेल्या मालाची आणखी एक गाडी हवी असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, "ताई, आपला सीएसआर झाला ना. श्रावणाचा भाव चाललाय." त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. दिल्लीच्या गाड्या ठरलेल्या होत्या, शब्द तिकडेही दिलेला होता.

आबांनी मान हलवली. "पिवया माल लांब धाडाना नही, बाई. तो रस्तामाच मरस." हा त्यांचा धंद्यातला पहिला नियम. पिकलेलं केळं ट्रकच्या हिसक्यांनी काळं पडतं, आणि काळं केळं पोहोचवणाऱ्याचं नाव बाजारात जातं. हयातभर त्यांनी तो नियम मोडला नव्हता.

मी उठले. उठता उठता म्हटलं, "आबा, नलूनं तिकडे सांगितलंय की ही केळी तिच्या माहेरची आहेत."

"तिनी काय सांगं?"

"माझ्या माहेरची केळी येताहेत म्हणून."

आबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. इतक्या वर्षांत आबांच्या घरात आमच्या घरचं पाणी चालत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी तपासायची वेळ आणली नव्हती. आम्ही दोघं तो विषय वळसा घालून चालत आलो होतो. त्या दिवशी ते प्रदीपभाऊंकडे वळून म्हणाले, "आमनी अंडेर परक्या गावमा आमनं नाव लीसन उभी शे. आते तिना शब्द खाले पडू देवाना का?" अंडेर म्हणजे लेक. त्यांना स्वतःची लेक नव्हती. प्रदीपभाऊंनी फोन उचलला, आणि दिल्लीची एक गाडी थांबली.

मग जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगात हुशारी येते. नशिराबादला रफीकभाईंचं केळी पिकवायचं चेंबर आहे, थंड खोल्यांचं. त्यांचा आणि आबांचा व्यवहार वाकडा होता. कशावरून ते दोघांनाही धड आठवत नव्हतं. आबांनी फोन मला लावायला सांगितला, पण बोलायच्या वेळी माझ्या हातातून घेतला. रफीकभाईंनी एक खोली रिकामी केली. माल पूर्ण पिवळा होऊ द्यायचा नाही, देठ हिरवं असताना, अंगावर नुसता रंग चढतोय तोवर बाहेर काढायचा, म्हणजे उरलेलं पिकणं वाटेत होईल, असं दोघांनी ठरवलं. सुट्या भरायच्या ऐवजी परदेशी जाणाऱ्या मालासाठी आणलेल्या क्रेट निघाल्या. बाया एकेका फणीला कागद गुंडाळत होत्या. त्यातली एक म्हणाली, माहेरहून चाललीत तर बरोबर चोळीबांगडी नको का? दुसरी म्हणाली, आधी आमच्या आबांना नारळ दे, लेक नांदायला चाललीय. आबांनी ऐकलं आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं. ड्रायव्हरला मात्र त्यांनी स्वतः बजावलं की खड्डा दिसला तर उतरून बघायचं, मगच गाडी घालायची.

गेल्या वर्षी धुळ्याच्या एका कॉलेजात परिसंवाद होता, आपत्तीच्या काळात उद्योगांनी काय करावं या विषयावर. प्रदीपभाऊंना बोलावलं होतं, त्यांनी मला धाडलं. माझ्या आधीच्या वक्त्यांनी पडद्यावर बाण आणि चौकोन दाखवले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. समन्वय पाहिजे, पूर्वतयारी पाहिजे, जिथे माल द्यायचा तिथल्या माणसाला आधी विचारलं पाहिजे. हे शेवटचं आम्ही हिरवी केळी धाडून शिकलो, त्यामुळे मी जोरात मान हलवली. मग एका विद्यार्थिनीने उठून विचारलं की धंदा नफ्यासाठी असतो, तर त्याने संकटात का धावावं? मी कायद्याचं, कर्तव्याचं, नावलौकिकाचं काहीतरी बोलले. परतीच्या बसमध्ये, पारोळ्याच्या पुढे कपाशीच्या हिरव्या शेतांकडे बघताना, माझं मलाच हसू आलं. मी पाहिलेलं खरं उत्तर यातलं एकही नव्हतं. आबांनी गाडी थांबवली ती माणुसकीसाठी नव्हे, नफ्यासाठी तर नव्हेच. परगावी एका बाईने त्यांना आपलं माहेर म्हटलं, आणि त्यांना ते खोटं ठरवता येईना.

हे उत्तर मला फार आवडायचं. वर्षानुवर्षं मी ते मनातल्या मनात घोळवत आले. पण त्याच्या पोटात एक दुखणं आहे, आणि ते मला नलूने तेव्हाच दाखवलं होतं.

दुसरी गाडी पोहोचली त्या दिवशी मी दर थोड्या वेळाने फोन लावत होते आणि तो लागत नव्हता. आबा उगीचच माझ्या टेबलाजवळून फेऱ्या मारत होते. शेवटी संध्याकाळी नलूचाच फोन आला. केळी पिवळी होती. चारदोन क्रेट खालच्या दबल्या, बाकी सगळी अगदी देखणी. पोरांनी दाबून बघायच्या आधीच सोलली. ज्या बाईने थट्टा केली होती तिने पहिलं केळं नलूच्या तोंडाशी धरलं. आणि पाण्यात उतरू बघणारे ते दोघं, सालं गोळा करायला तिने सांगितलं तर मुकाट्याने उठले. मी आबांकडे बघून मान हलवली. आबा खुर्चीवर बसले.

मला वाटलं नलू आता आबांना फोन दे म्हणेल, आभार मानेल. ती म्हणाली, "अक्का, आबा रागावणार नाहीत ना? मी अर्धी गाडी पुढे दिली."

"कुणाला?"

"नदीच्या पलीकडच्या वस्तीला. होडीवाल्यांबरोबर. मीही गेले." मग तिचा आवाज थोडा बदलला. "इथे गाडी आली ती मी इथे आहे म्हणून. पाणी तर तिकडेही तेवढंच होतं. पण तिकडे आपल्याकडची कुणी लेक दिलेली नाही, तर तिकडे गाडी कशी जाणार? सगळे इथे माझ्याकडे कौतुकानं बघत होते आणि मला पलीकडे बघवत नव्हतं."

मी आबांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. आबा रागावले नाहीत. त्यांनी वस्तीचं नाव विचारलं, नलूने सांगितलं, त्यांना नीट कळलं नाही म्हणून पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "तठल्या बायास्ले काय सांगं तू? कोनी धाडं म्हनीसन?"

"कंपनीचं नाव सांगायचं राहिलं, आबा," नलू म्हणाली. "पंचमी होऊन गेलेली, सगळ्याजणी एका देवळात दाटीवाटीनं बसलेल्या. कुणाकडून आली म्हणून विचारायला लागल्या. मी म्हटलं, तुमच्या माहेराहून आलीत."

"मंग?"

"बाकीच्या हसल्या. एक फार म्हातारी होती, ती नाही हसली. तिच्या माहेरी कुणी उरलं असेल असं वाटत नव्हतं, इतकी म्हातारी. तिने केळं घेतलं, पदराखाली धरलं, आणि मला जवळ बोलावून हळूच विचारलं, 'आन् तिकडं समदी बरी हायती न्हवं?'"

आबांनी फोनकडे वाकून सांगितलं, "बठ्ठा बरा शेतस, सांग तिले."